इंजिन चालू ठेवून

बुलढाणा,
२० नोव्हेंबर १९६१

प्रिय इंदर,

तुझं दोन ओळींचं कार्ड पोचलं. 'मी बरा आहे, तू तब्येत सांभाळ.' एवढंच सांगायला मुंबईहून कार्ड कशाला खर्ची घालायचं रे? असो, चिडत नाही. मीही बरी आहे. कपाशीची पहिली वेचणी झाली. कौशल्याबाईच्या हाताखाली बाया रोज येतात आणि रोज तुझी चौकशी करतात. दिवाळीला दारात पणती लावली नाही, बाबांचं वर्ष सरेपर्यंत लावायची नसते. पण पणती नसली तरी मुलगा घरी येऊ शकतो. तुझं ताट वाढून ठेवलं होतं. शेवटी ते आपल्या कडूबा गड्याला दिलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तू म्हणाला होतास, ती गाडी भंगारात काढ. नाही काढली. जर्मनीच्या लढाईच्या आधी ते आठ सिलिंडरचं काळं धूड दारात आलं आणि मी तिला सवत म्हणायला लागले. तुझे बाबा सकाळी उठून आधी तिला पुसायचे, मग चहा मागायचे. चिखलीच्या रस्त्यावर एखादी बस मागे टाकली की दिवसभर खुशीत असायचे. लढाईत पेट्रोल कुपनावर मिळायला लागलं, तेव्हा त्यांना ती खोड लागली. राजूर घाटाचा उतार आला की इंजिन बंद करायचं आणि गाडी नुसती सोडून द्यायची. घाट फुकटात उतरलो म्हणून मिशीवर हात फिरवायचे. कुपनं गेली, खोड राहिली. तेव्हाचे ब्रेक लोखंडी दांड्यांचे, सगळा जोर पायाचा. इंजिन चालू असो की बंद, त्या ब्रेकना काही फरक पडत नव्हता.

मग त्यांचा गुडघा गेला. ब्रेक दाबताना तोंड वेडंवाकडं व्हायचं, पण गाडी सोडा म्हटलं की माझ्याशी अबोला. गेल्या वर्षी दिवाळीत तू मुंबईहून तेलाचे ब्रेक आणि तो काळा डबा घेऊन आलास. गुलजारभाईंच्या गॅरेजात लक्ष्मीपूजनाच्या दिवशीसुद्धा गाडीखाली पडून होतास. मी बोलवायला आले तर नुसते तुझे पाय दिसत होते. जेवताना तू मला समजावलंस, की इंजिन हवा ओढतं, त्या ओढीवर तो डबा पायाचं अर्धं काम स्वतःच करतो. बाबांनी पाऊल नुसतं टेकवलं आणि गाडी जागच्या जागी थांबली. सगळ्यांदेखत त्यांनी तुझी पाठ थोपटली. आयुष्यात त्यांनी तुला दिलेली तेवढीच शाबासकी. घाटात इंजिन बंद करायचं नाही, नाहीतर डबा काम करत नाही, हे तू सांगितलंस, गुलजारभाईंनीही सांगितलं. 'हाव, समजलं,' म्हणून ते हसले होते.

आणि मार्गशीर्षात मलकापूरच्या जिनिंगला निघाले. कडूबा मागे बसला होता. घाटातल्या वळणावर गाडी आवरेना, तेव्हा त्यांनी ती दरीकडे जाऊ दिली नाही, डोंगराच्या अंगावर घातली. कडूबाचा खुबा मोडला, पण तो वाचला. तुझे बाबा जागीच गेले. सगळे म्हणाले, नवे ब्रेक फेल झाले. तू नुसता आपल्या हातांकडे पाहत होतास. मी तुझी आई आहे, मला कळलं. तुला वाटत होतं, तू आवळलेली एखादी नळी सुटली.

खुबा सांधेपर्यंत कडूबा लेकीकडे सोनाळ्याला होता. दसऱ्याला काठी टेकत आला आणि माझ्यासमोर बसून ढसाढसा रडला. म्हणाला, "बाई, घाट लागला तसं मालकानं इंजिन बंद केलं, नेहमीसारखं. दोन खेपा बिरेक लागला. मंग मालक पाय दाबूनच राह्यले, पन गाडी थांबेच ना."

मी तशीच उठून गॅरेजात गेले. इंदर, गुलजारभाईंना हे पहिल्यापासून ठाऊक होतं. गाडी ओढून आणली तेव्हाच त्यांनी सगळं उघडून पाहिलं होतं. एक नळी सुटलेली नव्हती, तेलाचा थेंब गळलेला नव्हता. वर्षभर लोक त्यांच्याकडे ब्रेकचं काम देत नाहीत, तरी हा माणूस गप्प. मी रागावले तर खाली पाहून म्हणाले, "गेलेल्या मानसावर म्या काऊन बोट दाखवू, भाबी? लोकाइले वाटते तर वाटू द्या."

गाडी त्यांनी दुरुस्त करून ताडपत्रीखाली ठेवली होती. मी म्हटलं, मला बसवा. लुगडं सावरून मी त्या सवतीच्या स्टेअरिंगवर पहिल्यांदा बसले. त्यांनी इंजिन सुरू केलं आणि मी अनवाणी पायानं ब्रेक दाबला. लोण्यासारखा गेला. मग इंजिन बंद केलं. एकदा गेला, दुसऱ्यांदा थोडा गेला, आणि त्यानंतर पायाखाली दगड. मी दोन्ही पायांनी दाबलं तरी हलेना. त्या दगडावर तुझ्या बाबांनी तो गुडघा लावला होता. मी तिथंच, सगळ्या गॅरेजासमोर, रडले.

मला त्यांचा फार राग आला होता, अजूनही येतो. पण ज्या हातानं इतकी वर्षं उतारावर किल्ली फिरवली, त्या हातानं त्या दिवशीही फिरवली, एवढंच घडलं. तुझ्या मनात आता पुढचा विचार येईल, की डबा बसवलाच नसता तर? तोही मी करून पाहिला. जुन्या ब्रेकना तर तो गुडघा आज ना उद्या कमी पडलाच असता. तू त्यांना वाचवायला बघत होतास, पोरा. तुझं काम चोख होतं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. तिथी मामाकडून कळलीच असेल. गुरुजींनी विचारलं, पिंड कोण देणार? तुझा चुलतभाऊ उत्तमराव तयार आहे. मी कोणालाच हो म्हटलेलं नाही. श्राद्धाच्या आदल्या दिवशी मुंबईच्या गाडीला मी मलकापूर स्टेशनवर येणार आहे, एसटीनं नाही, आपल्या गाडीनं, राजूर घाटातून. गुलजारभाई चालवतील, मी शेजारी बसेन, आणि खालपर्यंत इंजिन चालू राहील. परतीचा घाट तू चढवायचा. तू आवळलेल्या ब्रेकवर तुझी आई घाट उतरणार आहे. ती नीट पोचली की नाही, ते स्टेशनवर उतरून स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

तुझी वाट पाहणारी,
तुझीच आई