नजर थांबेल ते वाक्य

प्रिय तौनो,

ओउलूच्या तुझ्या नव्या घराचे फोटो पाहिले. वाफेच्या अंघोळीची सौना झकास झालीय. इथे टाम्पेरेत तळं काठाकाठाने गोठायला लागलंय. बाबा खिडकीशीच असतात.

वाचा गेली, हातही हलेनात, तेव्हापासून त्यांचं सगळं बोलणं त्या यंत्राच्या पडद्यावर. एकेका अक्षराकडे बघायचं, की यंत्र पुढची वाक्यं सुचवतं आणि नजर थांबेल ते मोठ्याने बोलतं. असले पडदे आखणं हा माझाच धंदा, त्यामुळे मला त्याचं कौतुक होतं. पण बाबा फार गोड बोलायला लागले रे. सूपसुद्धा रोज ‘उत्तम’! आयुष्यभर ओंडके ओढणारी बोट हाकलेला माणूस हा, सुपात मीठ कमी पडलं, तर आईला म्हणायचा, “तळ्याचंच पाणी गरम केलंस वाटतं?”

परवा मी शेजारी बसून नुसती त्यांची नजर पाहत राहिले. नर्स आइलाने विचारलं, “कॉफी आणू?” बाबा सुचवलेलं वाक्य वाचत होते, तेवढ्यात यंत्र बोललं, “हो, धन्यवाद.” बाबांनी डोळे गच्च मिटले. वाचणं वेगळं आणि निवडणं वेगळं, हे यंत्राला कळतच नव्हतं.

मी यंत्र बनवणाऱ्यांना फोन लावला. तिथला इंजिनिअर म्हणाला, “पण आमचं यंत्र वापरणारी माणसं खूश आहेत. तसं सांगतात ती.”

“कशातून सांगतात?”

“यंत्रातूनच,” म्हणाला आणि मग आमचा पत्ता विचारला.

तो स्वतः येऊन बदल करून गेला. आता यंत्र मागितल्याशिवाय काही सुचवत नाही, आणि कोपऱ्यातल्या खुणेकडे पुन्हा पाहिल्याशिवाय बोलत नाही. फार हळू चालतं. बाबांचं पहिलं वाक्य पुरं होईतो कॉफी गार झाली: “ही कॉफी, की भांडी विसळलेलं पाणी?” आइला हसून हसून खाली बसली.

तौनो, उन्हाळ्यात तू फोनवर “येऊ का?” विचारलंस, तेव्हा उत्तर आलं होतं, “नको, मी बरा आहे.” त्यानंतर तू आला नाहीस, फोनही केला नाहीस, मीही विचारलं नाही. काल बाबांनी एकही सुचवणी न घेता अक्षर अक्षर जुळवलं: “‘नको’ मी म्हटलं नव्हतं. त्या गाढवाला सांग, ये.” मग दमून डोळे मिटले. डॉक्टर म्हणतात, आता नजरही फार दिवस साथ देणार नाही. हे त्यांनी फोनवर सांगितलं असतं, तर तुला पुन्हा यंत्राचाच आवाज ऐकू आला असता, म्हणून हाताने लिहितेय. शब्द त्यांचेच आहेत. ये.

तुझीच ताई,
सिर्का