कवटीच्या नंबरवरच्या ताई

८ सप्टेंबर
पुढं आर्णीले जायचं होतं, पण घाटंजीच्या बाजारात मंगेश भेटला. शाळेतला दोस्त. म्हणे, "काकूच्या कपाशीवर फवारणी हाये, चाल. किती दिवस रिकामा हिंडतं?" गेलो. रस्त्यात कृषी केंद्राच्या भिंतीवर कवटीचं चित्र. पाहत थांबलो. खाली विषबाधा झाली तर कुठं फोन करायचा तो नंबर. मोबाइलात घेतला टाकून. नाव : कवटी. मंगेश हसला, "पोरीचा घे बे एखादा!"

१० सप्टें.
फवारणी. काकूनं दोन औषधं अन् एक टॉनिक एकाच ड्रमात ओतलं, काडीनं ढवळलं. इकडं सारेच तसं करतात, एका फेरीत काम होते. रिकाम्या बाटल्या धुऱ्यावर, वावराच्या बांधाले फेकल्या. मंगेशले म्हटलं तोंडाले फडकं बांध. "नवरी दिसतो मी त्यात." मंग मीही नाई बांधलं. दुपारून सुगरणीचा खोपा पाहत बसलो, माझा पंप अर्धाच झाला. काकू ओरडली.

११ सप्टें.
आज मंगेश वावरात पडला. डोळ्यापुढं धुकं म्हणे. लाळ थांबेना, अंग घामानं चिंब. काकू मिठाचं पाणी पाजून ओकवाले निघाली. मले कवटी आठवली. लावला फोन.
एक ताई बोलल्या. आवाज कसा, तर शेजारी बसल्यासारखा. "काही पाजू नका, ओकवू नका. अॅम्ब्युलन्स बोलवा. अंगावरचे कपडे काढा, साबणानं धुवा, कुशीवर झोपवा."
मंगेशले धड दिसत नाई, तरी म्हणे, काकूसमोर पँट नाई काढत! काकू म्हणे, "मेल्या, नागडा पाह्यला तुले लहानपणी." तिनंच काढली. शेजाऱ्यानं गाडी बोलावली.
ताई : "औषधाचं नाव काय?"
कोणाले माहीत! काकू म्हणे, "हिरव्या बुचाचं."
ताई रागावल्या नाईत. "बाटल्या शोधा. सगळ्या. मी लाइनवर आहे."
पळालो धुऱ्यावर. मधात कुठंच थांबलो नाई. मी! बाभळीखाली सापडल्या. नाव इंग्रजीत, एकेक अक्षर वाचून सांगितलं. "शाब्बास. ह्या बाटल्या संगं दवाखान्यात न्या." शाळेत तर कोणी कधी...

१२ सप्टें. यवतमाळ, दवाखाना
डॉक्टरनं पहिले बाटल्याच मागितल्या. मंगेश वाचला.
वाचला.

१५ सप्टें.
ताईले सांगावं म्हणून फोन लावला. दुसऱ्याच माणसानं उचलला. "कोणाला विषबाधा झाली?" म्हटलं, कोणाले नाई, त्या ताईले आभार सांगायचे होते. नाव? विचारलंच नाई मी. तो हसला. "पोचवतो. आता लाइन मोकळी करा भाऊ, कोणाला लागत असेल."
झटक्यात ठेवला. माझ्या वेळेस मोकळी होती ती.

१९ सप्टें.
मंगेश घरी. डोळ्याले अजून पुसट दिसते. डॉक्टर म्हणे येईल हळूहळू, पण नक्की कधी ते... काकूनं बाकीची फवारणी थांबवली. अर्धं वावर तसंच. म्हणे, "खाऊ दे अळीले."

२१ सप्टें.
राजूरच्या बाजूनं निघणार होतो. पिशवी भरली. मंगेश म्हणे, "जायच्या पहिले तो नंबर बैलाच्या कोठ्याच्या भिंतीवर लिहून दे. मोठा. मले दिसला पाह्यजे." गेरू कालवला. आकडे हातभर काढले. मंगेश खाटेवरून वाचून राह्यला. शेवटचे दोन नाई लागले.
"उद्या पाहू," म्हणे.
बस गेली. पिशवी खुंटीले टांगली.