पिवळझरीतलं घर

प्रिय कुंदा,

आज मोहगावच्या शाळेत चौथीच्या मुलांना आपल्या प्रश्नवहीतला घराचा प्रश्न घातला. डोळे मिटा, तुमच्या गोष्टीतल्या माणसाच्या घरात शिरा, उजव्या हाताला काय दिसतं ते लिहा. मुलं लिहायला लागली आणि मला वर्गाबाहेर जाऊन उभं राहावं लागलं. तू गेलीस तेव्हा मला रडू आलं नव्हतं. आज आलं, आणि त्याच्या मागोमाग तुझा राग आला. म्हणून हे पत्र लिहिते आहे. तू वाचणार नाहीस हे कळतं मला, पण जिवंत होतीस तेव्हा तरी माझ्या नेमक्या प्रश्नाला उत्तर कुठे दिलंस?

मी जन्माची संशयी, असं तूच म्हणायचीस. असेन. दुकानदार हसून बोलला की मी तराजूकडे बघते. पण तुझ्या बाबतीत संशयाला जागा कोणी ठेवली, मी की तू?

आठवतं का, अकरावीत मराठीचे सर नागपूरच्या कुठल्याशा कथालेखन शिबिरातून त्या प्रश्नवह्या घेऊन आले होते? सायक्लोस्टाइल केलेल्या, हाताला शाई लागणाऱ्या. पानाच्या माथ्यावर एक प्रश्न आणि खाली कोरी जागा. तुमच्या गावाचं नाव काय? पाणी कुठून येतं? कोण कोणाशी बोलत नाही? सर म्हणाले, "आधी गाव बांधा. गोष्ट मागून येईल." वह्या थोड्या, म्हणून दोघांत एक. त्यांनी माझ्या नावाला तुझं नाव जोडलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. तू संत्र्याच्या बागवाल्यांची मुलगी. मी विहारामागच्या वस्तीतली, नगरपालिकेत नळाचा व्हॉल्व्ह सोडणाऱ्याची. सगळा वर्ग सोडून सरांना हीच जोडी बरी सापडली?

तू मात्र दुसऱ्याच दिवशी वही घेऊन आमच्या दारात हजर. "काय करून राहिली वं? चाल, गाव बांधू."

गावाला पिवळझरी हे नाव तू दिलंस. नदी मी मागितली, तर तू नको म्हणालीस. "नदी आली का दोन काठ आले. दोन काठ आले का पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दगड आले." आपल्या पांढुर्ण्याच्या गोटमारीत दोन काठांवरची माणसं एकमेकांवर दगड फेकतात, तिथल्या मुलीला हे शिकवावं लागत नाही. शेवटी आपण नदीऐवजी झरा दिला, म्हणजे भांडायला समोरचा काठच नाही. तेव्हा मी खूप हसले होते. 'गावात कोण कुठे राहतं?' या प्रश्नाखाली तू बेधडक लिहिलंस, 'ज्याला जिथे वाटेल तिथे.' त्यावर मात्र मला हसू आलं नाही. ज्यांना कुठेही राहता येतं त्यांनाच असं लिहायला सुचतं, असं मला वाटलं. हे तुला तेव्हा बोलले नाही, आज बोलते.

वर्षभर तू आमच्याकडे येत राहिलीस. चुलीजवळ बसून आईच्या हातची भाकर खायचीस, माठातलं पाणी हाताने घ्यायचीस. तू गेलीस की आई भांडी आवरताना हमखास विचारायची, "पोरगी चांगली आहे. पन इथं येते हे तिच्या घरी मालूम आहे काय? तुले बोलावलं का वं तिनं कधी?"

नव्हतं बोलावलंस. आधी आजी आजारी होती, मग बागेचे व्यापारी आले होते, मग घरात रंगकाम निघालं. तुमच्याकडे टीव्ही आला तेव्हा म्हणालीस, "पुरी गल्ली पाह्याले येते वं, बसाले जागा नाही राह्यत." बोलताना तुझ्या तरी लक्षात आलं का, की गल्लीतल्या सगळ्यांना जागा होत होती? तुमच्या घरच्या नळाला येणारं पाणी माझे बाबा सोडायचे, कुंदा. ते प्यायला तुमच्याकडे कोणाची ना नव्हती.

मग ते घराचं पान आलं. त्याला एक नियम होता, तुमच्या पात्राचं घर तुमच्या जोडीदारानं लिहायचं. तुझ्या पात्राला मी संगमरवरी जिना दिला, झुंबर दिलं, दारात मोटार दिली. तुझं घर कधी पाहिलंच नव्हतं, म्हणून सिनेमातलं दिलं. तू पोट धरून हसलीस. "आमच्याकडे असं नाही वं काही," म्हणालीस आणि वही स्वतःकडे ओढलीस.

माझ्या पात्राचं नाव रेवा होतं. तिचं घर तू एका दमात लिहून काढलंस. तीन पायऱ्या, मधली खचलेली. आत उजव्या हाताला पाण्याचा ओटा, त्यावर तांब्याचा हंडा. माजघरात झोक्याची बंगई, तिची एक कडी तुटली म्हणून तारेने बांधलेली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारं एकच संत्र्याचं झाड, ज्याची फळं कधी गोड झाली नाहीत. खिडकीखालच्या फळीवर चहाचा डबा, त्याला दुसऱ्याच डब्याचं झाकण. आणि शेवटी, 'रेवा सरळ स्वयंपाकघरात जाते. तिला कोणी काही विचारत नाही.'

मी पेन्सिल घेतली आणि समासात लिहिलं, खोटं.

"काऊन खोटं?" तू विचारलंस.

"असं कोणतं घर राह्यते वं, जिथं कोणी विचारत नाही?"

"पिवळझरीत राह्यते."

"अन् पांढुर्ण्यात?"

तू बोटाला लागलेली शाई पदराला पुसलीस. "उशीर होऊन राह्यला, मी जातो," एवढंच म्हणालीस. नंतर सरांनी पानावर शेरा दिला, घर खरं वाटतं. मला वाटलं, सरही तुमच्याच बाजूचे.

आपली गोष्ट काही मागून आली नाही. परीक्षा झाली, वही माझ्याकडे राहिली, तुझं सौसरला लग्न ठरलं. पत्रिका आली, मी मंडपात जेवूनही आले. मंडप म्हणजे घर नव्हे, हे माझ्या लक्षात होतं. तू हात धरून म्हणालीस, "सासरी येजो वं, नक्की." मनातल्या मनात मी म्हटलं, माहेरी जे जमलं नाही ते सासरी बरं जमेल.

काविळीने तू गेल्याची बातमी मला सौसरच्या बस स्टँडवर कळली. शेवटी तुला माहेरी आणलं होतं म्हणे. तेरवीला मी मुद्दाम आले नाही. गर्दीत कोण कोणाला कोणत्या पेल्यात पाणी देतं ते दिसत नाही, आणि मला ते बघायचं होतं. हो, तुझ्या मरणातही मी तेच बघत होते. म्हणून गर्दी ओसरल्यावर एका दुपारी गेले, तुझ्या दारात, आयुष्यात पहिल्यांदा.

मधल्या पायरीवर माझा पाय खाली गेला. खचलेली होती.

मला काही कळेना. आत पाऊल टाकलं, तर उजव्या हाताला ओटा आणि तांब्याचा हंडा. पुढे बंगई, तिची कडी तारेने बांधलेली. आधी वाटलं, शोकाने मला भास होतो आहे. मग वाटलं, तू माझी थट्टा केलीस. तुझी आई भिंतीला टेकून बसली होती. मी म्हटलं, मी सुजाता, कुंदाच्या वर्गातली. ती हो म्हणाली, "चहा ठेवतो," म्हणून उठली आणि डोळ्यांना पदर लावून पुन्हा खाली बसली.

मी उठले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. वाट कोणाला विचारावी लागली नाही. खिडकीतून झाड दिसलं. खिडकीखाली हात घातला, तर डबा हाताला लागला, दुसऱ्याच झाकणाचा. कोपऱ्यात तुझी काकू तूर निवडत होती. तिने मान वर केली.

"कोनाची वं तू?"

हा प्रश्न कशासाठी विचारतात ते तुलाही माहीत होतं आणि मलाही. डबा माझ्या हातातच राहिला. तेवढ्यात बाहेरून तुझ्या आईचा आवाज आला, "आपल्या कुंदाची आहे ते. करू द्या."

मी चहा केला. सगळ्यांनी घेतला. काकू बराच वेळ कप हातात धरून बसली, मग तिनेही घेतला.

आता सांग, तुझ्या आईला तू काय सांगितलं होतंस? सुजाता हे नाव काय, कोणाचंही असतं. माझं आडनाव सांगितलं होतंस का? की तिने काही माहीत नसताना मला आत घेतलं? आणि तू स्वतः? ते घर तू मला मनापासून दिलंस, की दारातून न्यायची हिंमत नव्हती म्हणून वहीतून आत नेलंस? मी रोज उलटसुलट विचार करते. तुझा राग येतो आणि तुझ्यावाचून करमत नाही, दोन्ही एकाच वेळी.

तर आता माझा शब्द ऐक. शाळेला सुट्टी लागली की मी पुन्हा तुझ्या घरी जाणार आहे. वरच्या पायरीवर उभी राहून आधी माझं पूर्ण नाव सांगेन, बाबांच्या नावासकट, आडनावासकट, वस्तीसकट. मग पाणी मागेन. तरीही तुझ्या आईने आत बोलावलं, तर समासातलं ते 'खोटं' मी रबराने पुसून टाकीन. नाही बोलावलं, तर तो शब्द तसाच ठेवीन आणि पुढच्या सुट्टीत परत जाईन. चहाचा डबा कुठे असतो ते मला माहीत आहे.

तुझीच, पण अजून संशयी,
सुजाता