माझ्या पैशांवरचे पगार

३ मार्च
रहिवासी दाखल्यासाठी नगरपालिकेत गेलो. खिडकीवरचा माणूस चहाला गेलेला. माझ्या पैशांवर! ठराव: तिथल्या प्रत्येकाचा पगार जाहीर झालाच पाहिजे. अर्ज लिहिला. सही: एक जागरूक करदाता.
आमची ही तिथेच पाणी विभागात आहे. किरकोळ नोकरी, विरंगुळा म्हणून. घर माझ्या फ्रेमच्या दुकानावर चालतं.

४ मार्च
हिला अर्ज दाखवला. म्हणाली, नका देऊ. लोक ऑफिसात नाही, घरात डोकावतील. नोकरदार सगळे एकाच माळेचे मणी. अर्ज दिला.

१० मार्च
अर्ज परत. कर भरल्याची पावती जोडा म्हणे. घरपट्टी हीच भरते, मला रांगेत उभं राहायला वेळ कुठे? हिने पावती दिली आणि विचारलं, नक्की? म्हटलं, कर नाही त्याला डर कशाला.

२२ मार्च, दुपार
गिऱ्हाईक नाही. बरंच झालं. पगारांच्या यादीसाठी सागवानी फ्रेम केली, दुकानाच्या दर्शनी भिंतीवर लावणार. दुकानाचे मालक देवमाणूस. दोन वर्षं भाड्याचं नावसुद्धा काढलं नाही. चळवळ्या माणसाची कदर आहे अजून.

७ एप्रिल
जिंकलो! यादी नगरपालिकेच्या दारावर. गर्दीत घुसून वाचली. पाणी विभाग, दुसरं नाव हिचं. छपाईची चूक असणार. माझ्या चांगल्या महिन्याच्या चौपट.

८ एप्रिल
चूक नाही. सकाळीच मेहुणा मोटारसायकलसाठी उसने मागायला. पाठोपाठ आत्या. शेजारीण हिला म्हणाली, एवढा पगार आणि चपला त्याच? ही आत जाऊन दार लावून बसली. रडल्याचा आवाज आला.
तरी दाराबाहेरून विचारलंच, एवढे पैसे जातात कुठे? करदाता म्हणून नव्हे, नवरा म्हणून.
आतून म्हणाली, तुमच्या देवमाणसाकडे. दर महिन्याला.

११ एप्रिल
मालक समोरून आले. मी गल्ली बदलली.
दुपारी नगरपालिकेचा शिपाई आला. दारावरची यादी लोक हाताळून फाडतात, म्हणून साहेबांना फ्रेम हवी. माझी तंतोतंत बसली. नाही म्हणायला हवं होतं. पण महिन्यातली पहिलीच विक्री. पैसे करदात्यांचे, म्हणजे हिचेही.
संध्याकाळी सगळे हिच्यापुढे ठेवले. कुठून आले तेही सांगितलं. हिने नोटा दोनदा मोजल्या. मग विचारलं, पावती हवी का?
नको म्हणालो.