पाण्याखाली सगळेच बहिरे

१ मे २००६, सोमवार

"कारखान्यातल्या प्रेसच्या ठोक्यापुढे उभं राहून ज्यांचे कान गेले, आणि ज्यांना आता स्वतःच्याच घरात 'बहिरट' म्हणतात, त्या सगळ्यांनो —" अशी सुरुवात केली आज सातपूरला. मंडप एकदम शांत झाला. मागच्या रांगेतले, ज्यांना ऐकू येत नव्हतं, तेसुद्धा पुढच्यांचे चेहरे बघून गप्प झाले. शेवटी टाळ्या भरपूर. बहिऱ्या माणसांच्या टाळ्या फार मोठ्या असतात. स्वतःला ऐकू येईपर्यंत वाजवतात.

माझा नवरा रंगनाथ नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेत; त्याचेही कान प्रेसनंच घेतले. त्याला माझं भाषण वर्षानुवर्षं ऐकू येत नाही, तरी तोच माझं भाषण चालवतो. हात खाली दाबला की सावकाश. बोटं कानाकडे नेली की माइक नीट धर. आडवा तळवा गळ्यावरून फिरवला की आवर आता. आज दोनदा फिरवून भागलं नाही. त्यानं तिसऱ्यांदा फिरवला तेव्हा कुठे मी थांबले.

भाषणानंतर शेजारच्या शाळेच्या खोलीत कान तपासायची सोय केली होती. डॉक्टरबाई यंत्र मांडून बसलेल्या. फुकट. दुपार सरली, एक माणूस आत गेला नाही. रंगनाथच्याच कारखान्यातला झिपरू अजून नोकरीत आहे, त्याला गाठलं.

"ताई, भाषण एक नंबर. पण कागदावर बहिरा लिहून आलं ना, तर सायेब गेटाबाहेर काढंल."

म्हटलं, अरे, कागद तुझ्याच खिशात राहणार.

"मंग दादा गेले का आत? ते तर रिटायर हायेत. त्यांना कोन काढनारे?"

बाजूचे चारजण हसले. मीही हसले. काय करणार? रंगनाथनं कान तपासलेले नाहीत. दरवर्षी सांगते. दरवर्षी तो पेपर उघडतो.

४ मे

रंगनाथ टीव्ही आवाज बंद करून बघतो. शेजारी म्हणतात, किती समजूतदार माणूस. समजूतदार नाही, त्याला तसाही उपयोग नाही.

आज मला हातानं बोलावलं. समुद्राखाली दोन माणसं, पाठीवर टाक्या, तोंडात नळी. हातांनी एकमेकांशी बोलतायत. एकानं बोटांचं वर्तुळ केलं, दुसऱ्यानंही केलं. झालं, पटलं.

"हे बरंय," रंगनाथ म्हणाला. "इथे सगळेच बहिरे."

जरा वेळानं, माझ्याकडे न बघता — "ह्या वयात शिकवतात का गं?"

लग्नाला इतकी वर्षं झाली. स्कूटरनंतर त्यानं स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट.

६ मे

कॉलेज रोडच्या नेट कॅफेत जाऊन बसले. आजूबाजूला सगळी पोरं चॅटिंग करतायत आणि मी स्कूबाची माहिती वाचतेय. पुस्तकं इतकी वाचली, पण समुद्राखाली कसं उतरायचं हे कशात नव्हतं.

सुरुवात करायची म्हटलं तर तऱ्हा बऱ्याच. गोव्यात एका दिवसात दाखवून आणतात. थोडं समजावतात, शिकवणारा टाकीला धरून खाली नेतो, मासे दाखवतो, वर आणतो. अंदमानला सलग राहून पूर्ण कोर्स. लक्षद्वीपला परवाना काढावा लागतो. आणखी एक म्हणजे पुण्याचा एक क्लब. शनिवार-रविवार पोहण्याच्या तलावात सगळं शिकवायचं, नंतर समुद्रात जाऊन परीक्षा. फोन केला. मोहिनी नावाची मुलगी बोलली, तीच शिकवते. म्हणाली, "काकू, गोव्याचा समुद्र आता बंद होणार, पाऊस आला की पाणी गढूळ. तलाव आत्ता करा, समुद्र दिवाळीनंतर."

माझं मत गोवा. हौस एका दिवसात फिटते, आणि नाही आवडलं तर प्रश्न मिटला. पाटीवर मुद्दे लिहून त्याला दाखवले. (घरातली मोठी भांडणं आम्ही पाटीवर करतो. ओरडून भांडलं तर शेजाऱ्यांना सगळं कळतं आणि रंगनाथला काहीच नाही.)

त्यानं पाटी वाचली. मग म्हणाला, "धरून नेणार, धरून आणणार. सामानासारखं. मला शिकायचंय."

मी पाटीवर लिहिलं — आणि शिकवणारी बोलेल ते तुला ऐकू कसं येणार?

"पाण्यात बोलत नाहीत."

मी बोलून जिंकते, तो थोडक्यात.

पुणे ठरलं. दोघांनी.

९ मे

अक्काबाईंचा फोन, देवळ्याहून. नणंदेला बातमी कुणी पोहोचवली देव जाणे. "हाई काय नवीन खूळ शे, वहिनी?" कांद्याच्या चाळीजवळून बोलत होत्या, मागे ट्रॅक्टर. म्हटलं, तुमच्याच भावाचं खूळ आहे. मग म्हणाल्या, लहानपणी गिरणेच्या पाटात तो बुडी मारून बसायचा, आई काठावरून बोंबलायची, आणि हा वर यायचाच नाही. "तवयबी त्याले ऐकू येत नव्हतं, वहिनी." आणि खदाखदा हसल्या.

१३ मे, शनिवार. पुणे

मोहिनी अठ्ठावीसची असेल. केस बारीक कापलेले, आवाज शांत. तिनं आल्याबरोबर ओळखलं की रंगनाथला ऐकू येत नाही. मी सांगायला तोंड उघडलं तर मला हातानं थांबवून सरळ त्याच्यासमोर उभी राहिली आणि सगळं हातांनी दाखवत गेली. वर. खाली. ठीक. ठीक नाही. हवा संपली. तो एकदाच बघून करून दाखवत होता. वर्गात दहा-बारा जण, सगळे तिशीच्या आतले. सगळ्यांत आधी रंगनाथला आलं.

पहिला नियम — श्वास कधीच रोखायचा नाही. आत-बाहेर, आत-बाहेर, चालूच ठेवायचा. मला वाटलं हा आपल्याला सोपा. मोठं वाक्य बोलणारी बाई मी. पाण्याखाली तोंडात नळी आली आणि पहिली गोष्ट काय केली? श्वास रोखला. भाषणाआधी रोखते तसा.

मी महापालिकेच्या तलावात बायकांच्या बॅचला जाते खरी, पण डोकं वर ठेवून पोहते. आज पहिल्यांदा पूर्ण आत गेले. उथळ भागात, गुडघ्यांवर. मी रंगनाथला काहीतरी सांगायला लागले, दोन्ही हातांनी, सविस्तर. त्यानं सवयीनं आडवा तळवा गळ्यावरून फिरवला. आवर!

मोहिनी झेपावली त्याच्याकडे. तिच्या भाषेत त्याचा अर्थ, हवा संपली. आपली जादा नळी त्याच्या तोंडात कोंबली, दंड धरला, वर आणला. वर आल्यावर तो तिला सांगतोय, मी हिला गप्प करत होतो. सगळा वर्ग काठ धरून हसला. मोहिनी म्हणाली, "काका, ही खूण आजपासून घरी पण बंद."

दुसऱ्यांदा गेले तेव्हा अवघड झालं. डाव्या कानात गार काहीतरी शिरलं आणि तलाव फिरायला लागला. तळाच्या फरश्या वर, वरचा उजेड खाली. कुठे वर जायचं तेच कळेना. मोहिनीनं काढलं. काठावर बसले, ओकारी आली. मी म्हणाले, काही नाही, प्रवास झालाय. ती म्हणाली, "काकू, कानाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय आता पाण्यात नाही. काकांना पण आणायचीच आहे. दोघंही जाऊन या."

रंगनाथ लगेच म्हणाला, "जाऊ."

दरवर्षी मी सांगते!

१४ मे

परतीच्या एसटीत डावा कान जड. रंगनाथला सांगितलं नाही.

१७ मे, बुधवार

त्याच डॉक्टरबाई, ज्यांच्यापुढे एक मेला रिकाम्या खुर्च्या होत्या. रंगनाथला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन. आवाज आला की बोट वर करायचं. मी काचेतून बघत होते. तो बोट वर करायला तयार होऊन बसलेला, आणि बोट वर जातच नव्हतं. मला बाहेर उभं राहणं जड गेलं. मंचावरून "कान गेले" म्हणणं वेगळं आणि ते न उठणारं बोट बघणं वेगळं.

बाईंनी सांगितलं, मी त्याला लिहून दाखवलं — आवाजानं नस गेली आहे, परत येणार नाही, यंत्रानं थोडा फायदा होईल. पण पडदा ठणठणीत, दोन्हीकडचा. नाक दाबून कान छान मोकळे होतात. सर्दी नसताना, हळूहळू उतरायचं. पाण्यात जाऊ द्या.

मग मला म्हणाल्या, "ताई, आलाच आहात तर तुम्हीही बसा."

डाव्या पडद्याला भोक आहे. जुनं. लहानपणी कान वाहायचा, आई लसणाचं तेल कोमट करून घालायची, कान थांबला आणि सगळे विसरले. "तुम्ही पाण्याखाली नाही जायचं. तलावात डोकंसुद्धा नाही घालायचं. ऑपरेशन करून पडदा बसवता येतो. मग पुढचं बघू."

एवढे दिवस सगळ्यांनी काळजी केली त्याच्या कानांची. तो पास. नापास मी.

१८ मे

आज कुणाशी बोलले नाही. रंगनाथला जाणवलं असणार. त्यानं चहा केला, आणि पाटी माझ्यासमोर ठेवून निघून गेला. कोरी.

२१ मे, रविवार

सकाळी मोहिनीला फोन लावायला घेतला. दोघांचंही रद्द कर, सांगणार होते. मी नसताना पुण्याच्या स्टँडवर त्याला गाडी कुठली ते कोण सांगणार? वर्गात काही वेगळं सांगितलं तर? मी ऑपरेशन करीन, बरी होईन, पुढच्या वर्षी दोघं जाऊ. सरळ हिशोब.

रंगनाथनं रिसीव्हरवर हात ठेवला.

"काय सांगतेस?"

मी सांगितलं. ओठ वाचून कळेल असं, एकेक शब्द.

"कोर्स माझा आहे," तो म्हणाला. चिडून नाही. हवामान सांगावं तसं.

मी म्हटलं, जोडीनं जायचं ठरलं होतं.

"तू ऑपरेशन कर. मी पुढे जाऊन बघून ठेवतो. मग तुला मी दाखवीन."

बऱ्याच वेळानं मी रिसीव्हर सोडला. नंबर त्यानं फिरवला, आणि मग हसून रिसीव्हर माझ्याच हातात दिला. बोलणार कोण? म्हणाला, "रंगनाथ एकटा येतोय, एवढंच सांग." एवढंच सांगितलं. आयुष्यातलं सगळ्यांत छोटं भाषण.

१८ जून

तलावाचे धडे संपले. शनिवार-रविवार एकटा गेला, एकटा आला. एकदा चुकून नारायणगावला उतरला. घरी आल्यावर द्राक्षांच्या मनुका पुढे केल्या, म्हणाला तेवढ्यासाठीच उतरलो होतो.

ऑपरेशनचं विचारलं त्यानं. मी पेपर उघडला.

१२ नोव्हेंबर, रविवार. गोवा

मी बोटीत बसले. डोक्याला पदर, कानात कापूस. समोर रंगनाथ काळ्या रबरी कपड्यात, पोट आत धरलेलं. जोडीला यादव नावाचा पुण्याच्या बँकेतला तरुण. उतरण्याआधी यादवनं रंगनाथचा एकेक पट्टा ओढून बघितला, टाकीची हवा बघितली, नळी तपासली. मग रंगनाथनं यादवची. घाई नाही, थट्टा नाही. मोहिनीनं ते होईपर्यंत कुणाला पाण्याकडे बघूही दिलं नाही.

मग दोघं मागे कलंडले आणि गेले. वर बुडबुडे.

एवढा वेळ मी गप्प कधी बसले होते आठवत नाही. बोटवाला विचारत होता, ताई उलटी येते का? म्हटलं, नाही रे बाबा, माझा माणूस खाली आहे.

वर आला. चेहऱ्यावर मास्कचा वळ. माझ्याकडे बघून बोटांचं वर्तुळ केलं. मीही केलं.

संध्याकाळी किनाऱ्यावर बसलो तर मासे-बिसे काही सांगेना. फार वेळानं म्हणाला, "इथे एकट्याला उतरूच देत नाहीत. आधी दुसऱ्याचे पट्टे बघायचे." मग — "प्रेस शॉपमध्ये आम्ही चाळीस जण होतो. प्रत्येकाला वाटायचं, आपलेच कान कमी झालेत. कुणी कुणाला विचारलं नाही. दाखवायला एकट्यानं कोण जाणार?"

वाळूवर त्यानं बोटानं काही लिहिलं आणि लाटेच्या आधी स्वतःच पुसलं. मला वाचता आलं नाही.

२६ नोव्हेंबर, रविवार. सातपूर

सभा माझी होती. उभी राहिले तर रंगनाथ मंचावर आला, माझ्या हातातून माइक घेतला आणि मला खाली पहिल्या रांगेकडे बोट दाखवलं. झिपरू म्हणाला, "आता दादा बोलनार व्हय?" मी जाऊन बसले.

फार मोठ्यानं बोलला, माइक असून. मी हात खाली दाबला. त्यानं आवाज कमी केला.

"माझे कान तपासले. गेलेत. तरी मी समुद्रात उतरून आलो. उद्या सकाळी कान तपासायला तुम्ही चला. मी गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर उभा आहे. एकट्यानं नाही जायचं. प्रत्येकानं आपल्या शेजारच्या मशिनवाल्याला घेऊन या. माझ्याबरोबर ही आहे. तिच्या डाव्या कानाला भोक आहे आणि भाषणं करून ती ऑपरेशन टाळते. उद्या ती तारीख घेणार."

सगळा मंडप माझ्याकडे वळला. झिपरू कुणालातरी कोपरानं ढोसत होता — "तू येतो का? तू आला तर मी येतो."

रंगनाथ वरून बघत होता, थांबू की बोलू? तळवा गळ्याकडे न्यायचा हात मी आवरला. बोटांचं वर्तुळ केलं.