आठ दिवसांची सोबत

प्रिय ताई,

पत्र बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू निम्म्यात ‘बरं बरं, नंतर बोलू’ म्हणतेस आणि माझं बोलणं घशातच राहतं. म्हणून हे पत्र. सकाळपासून लिहायला बसतेय आणि उठतेय. एकदा दोरा संपला म्हणून उठले, एकदा उगाचच. माझा पाय एका जागी ठरत नाही, हे तुला काय सांगायचं! लहानपणी तू मला मांडीखाली दाबून वेणी घालायचीस.

तर बातमी अशी, की मला खोली मिळतेय. माझी एकटीची, आतून कडी लावता येईल अशी. आमच्या या बेघरांच्या निवाऱ्याच्या मोठ्या बाईंनी खूप खटपट केली. त्या इथल्या व्यवस्थापिका. पदानेही मोठ्या आणि आवाजानेही. पण त्यांचा एक नियम आहे. निवाऱ्यातून कुणालाही एकटं सोडायचं नाही. नव्या खोलीत पहिले आठ दिवस कुणीतरी सोबतीला राहायला हवं, आणि ते माणूस निवाऱ्यातलं चालत नाही, बाहेरचं लागतं. महिनाअखेरपर्यंत मी नाव दिलं नाही, तर खोली रांगेतल्या पुढच्या बाईला जाईल. आता लगेच कपाळाला हात लावू नकोस. आधी सगळं वाच.

हा नियम आला आमच्या गवंड्यामुळे. जन्मभर लोकांची घरं बांधली आणि म्हातारपणी स्वतः पुलाखाली झोपला, असा माणूस. त्याला खोली मिळाली तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इथे रोज सकाळी झोपायचे हॉल रिकामे करावे लागतात, फरशी धुवायची असते. अंथरूण गुंडाळायचं आणि बाहेर पडायचं. कुणी कामावर जातं, कुणी दवाखान्यात, कुणी नुसतंच बाकावर. तर हा बाबा स्वतःच्या खोलीतही रोज सकाळी अंथरूण गुंडाळायचा, कुलूप लावायचा आणि दिवसभर थंडीत रस्त्यावर बसायचा! दिवसा घरात बसलं तरी चालतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. शेवटी खोकून खोकून बेजार झाला, तेव्हा समोरच्या दुकानदाराने मोठ्या बाईंना फोन केला. जेवणाच्या टेबलावर आम्ही पोट धरून हसलो, तोही हसला. मग त्याचा जुना मुकादम आठ दिवस त्याच्याकडे जाऊन राहिला, भरदुपारी पत्ते खेळत बसला. आता गवंडी बोलावलं तरी इकडे फिरकत नाही. मी मात्र त्या दिवशी हसले खरी, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही.

कारण माझंही तसंच होणार, ताई. परवा खोली बघायला गेले. चांगली आहे गं. खिडकीतून ऊन येतं, नळाला पाणी आहे, भिंतींना नवा रंग दिलाय. पण दार लावलं आणि आत इतकं गप्प झालं, की मी चप्पल हातात घेऊन बाहेर आले. इथे आमच्या हॉलमध्ये एक निवृत्त नर्स आहे, ती घोरते म्हणजे काय, पत्रे हलतात. तिला मी रोज शिव्या घालते. आता वाटतं, ते घोरणं नसेल तर मला झोप कशी लागणार? खोली पाहिजे म्हणून मीच मोठ्या बाईंच्या मागे लागले होते, आणि आता हातात येतेय तर जीव नुसता खाली-वर होतोय.

तू कधी विचारलं नाहीस, इथे कसं असतं ते. विचारायला तुला भीती वाटली असेल. मीच सांगते. इथे आलेल्या माणसाला ‘काय झालं’ असं पहिल्या दिवशी कुणी विचारत नाही. आधी आंघोळ करणार की आधी जेवणार, एवढंच विचारतात. मी काहीच नको म्हणाले आणि पर्स मांडीवर घट्ट धरून बसून राहिले. तशीच मला झोप लागली म्हणे. मग हळूहळू बाकीचं. पत्ता नाही म्हणून ओळखपत्र नाही, आणि ओळखपत्र नाही म्हणून काम नाही, असा माझा गुंता होता. यांनी निवाऱ्याचाच पत्ता दिला आणि तो सोडवला. आठवड्यातून एकदा डॉक्टर येतात. ज्याला जे येतं ते त्याने करायचं, बटाटे सोलायचे, नाहीतर नळ दुरुस्त करायचा. मला शिवण येतं, म्हणून मी चादरी शिवते, उशांना खोळी घालते आणि नव्या आलेल्या बायकांना दारात अंथरूण देते. भांडणंही होतात. खिडकीजवळच्या खाटेवरून तर असं रण पेटतं, की विचारू नकोस.

मोठ्या बाईंनी विचारलं, बाहेरचं तुझं कोण आहे? मी म्हणाले, कुणी नाही. रागाच्या भरात म्हणाले. आता तोंड उघडलंच आहे तर सगळं बोलून टाकते. हे गेल्यावर दिराने मला घराबाहेर काढलं, तेव्हा मी तुझ्याकडेच आले होते ना? तू मला जेवू घातलंस, डोक्याला तेल लावलंस. मग तुझ्या लेकाने जेवताना विचारलं, मावशी अजून किती दिवस आहे? तो मला विचारत नव्हता, तुला विचारत होता. आणि तू खाली ताटाकडे बघत राहिलीस. मला तुझा भयंकर राग आला, ताई. भाच्याचा नाही, तुझाच. तू स्टॉपवर सोडायला आलीस, डोळे पुसत होतीस, तेव्हा मनात आलं, पुसतेस कशाला, थांब म्हण ना! तो राग अजून सगळा गेलेला नाही. पण आता एक कळतं. दाजी गेल्यापासून ‘थांब’ म्हणायला ते घर तुझं राहिलंच नव्हतं.

आणि हे सगळं आज का लिहितेय, ते आता सांगते. मागच्या वेळी फोनवर तू हसत हसत म्हणालीस, कपाट सूनबाईंना देऊन टाकलं, माझे कपडे आता बॅगेतच असतात, आवराआवरीची कटकट नाही. खाट पॅसेजमध्ये घेतली, तिथे वारा छान येतो. जेवायला मी सगळ्यांच्या मागून बसते, निवांत. ताई, मी इथे दारात बसते. येणारी प्रत्येक बाई मला हेच सांगते, आणि अशीच हसत सांगते. आधी कपाट जातं, मग खाट सरकते, मग ताट मागे जातं. एका दिवसात इथे कुणीच येत नाही. तो फोन ठेवल्यापासून माझा डोळ्याला डोळा लागलेला नाही. म्हणून मी काल तुझं नाव दिलंय. मोठ्या बाई तुला फोन करतील, तेव्हा लेकाला विचारून सांगते असं म्हणायचं नाही. नियम कमीत कमी आठ दिवसांचा आहे. जास्तीत जास्त किती, ते मी विचारलं, तर त्याला काही मर्यादाच नाही म्हणाल्या. खोलीत दोन खाटा मावतात, मी बघून आले. बॅग तर भरलेलीच आहे ना? मग तीच उचल आणि ये.

वाट बघणारी, तुझीच,
धाकटी