उसवायची बाहुली

वालावल, ता. कुडाळ
अक्षय तृतीयेनंतरचा बुधवार, १९८४

प्रिय शुभदा,

माझं अक्षर बघून हे किराणा दुकानातनं आलंय असं समजून पत्र बाजूला ठेवलं नाहीस ना? मी नर्मदा, तुझी थोरली जाऊ. आपली भेट झालेली नाही. माझ्याकडे तुझा एक फोटो आहे, लग्नातला. त्यात तू खाली बघतेस आणि आमचे गुरुदास भाऊजी फोटोवाल्याकडे असे बघतायत, जसं काय त्यानेच मुलगी दाखवली. लग्नाला ये म्हणून त्यांनी मनापासून लिहिलं होतं. मी पाय मुरगळलाय असं कळवलं. पाय ठणठणीत होता. पण मांडवात सगळ्या बायका पुढे सरकतात तेव्हा माझ्यासारखीने कुठल्या खांबाला टेकायचं, ते मला अजून जमत नाही, आणि मुंबईचे खांब तर ओळखीचेही नाहीत. हे भाऊजींना सांगू नको. तुला मालवणी कळतं की नाही देव जाणे, म्हणून सातवीपर्यंतची मराठी ट्रंकेतनं काढून लिहायला बसलेय. मधेच माका-तुका आलं तर चालवून घे.

भाऊजींचं कार्ड आलं. शेवंतीचं नाव मुंबईच्या शाळेत घातलंय, आंबे संपायच्या आत येऊन तिला घेऊन जातो, असं लिहिलंय. बरोबरच आहे. तिचा बाप तिथे आहे, आता तुझ्या रूपाने आईपण आहे. शेजारच्या घरातनं अक्का, म्हणजे आमची चुलत सासू, तिने कुंपणावरनंच विचारलं, काय गो, जातला मां चेडू मुंबयक? सुटलंस एकदाची. मी म्हटलं, सुटले. एवढं होईपर्यंत शेवंती नाहीशी. शोधून शोधून सापडली ती काजूबियांच्या पोत्यामागे, आणि तिथनंच तिने निरोप दिला, फोटोतल्या बाईक सांग, मी येवचंय नाय. तर तुझ्याबद्दल तिचं पहिलं मत हे असं आहे. वाईट वाटून घेऊ नको, माझ्याबद्दलची मतं याहून वाईट आहेत आणि ती पावण्यांसमोर बोलून दाखवते.

तुला वाटेल, ही पोर सहाव्या वर्षापर्यंत गावात काय करत होती. शिकत होती. आमच्या वाडीत चार घरं, सगळी एका कुळातली, आणि शाळा व्हाळापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे. पावसात व्हाळ फुगला की मोठी पोरंच अडतात, मग लहानांना कोण पाठवतंय. म्हणून शाळेचं वय होईपर्यंत सगळी माझ्या पडवीत. मला कुणी मास्तरीण नेमलं नाही. हिला मूल नाही, नवरा नाही, म्हणजे हिला वेळच वेळ, असं चारी घरांनी परस्पर ठरवून टाकलं. मीही पडवी सारवून ठेवली. वेळ होताच, आणि खोटं कशाला बोलू, संध्याकाळी पोरं आपापल्या घरी गेली की तो फारच व्हायचा.

बाहुल्या आल्या त्या बाबूमुळे. बाबू शेजारच्या सत्यवानाचा मुलगा. सत्यवान मुंबईला गिरणीत, वर्षातनं एकदा चवथीला, गणपतीत यायचा. त्या वर्षी आला तर बाबू आईच्या पदरातनं बाहेर येईना. चार दिवस झाले आणि आरतीला सगळी जमलेली असताना त्याने आईला खणखणीत विचारलं, आये, ह्यो पावणो कदी जातलो? सगळी हसली. सत्यवानही हसला, आणि मग विहिरीवर जाऊन पाणी काढत बसला. हंडे भरले, कळशा भरल्या, गोठ्यातली घमेली भरली, तरी रहाट चालूच. मी तेव्हा त्याला चिडवलं, अरे, विहीर घेऊन जातलस काय मुंबयक? पण माझ्या डोक्यातनं ते गेलं नाही. तो परत गेल्यावर त्याचा एक जुना सदरा खुंटीवर राहिला होता, तो मी उचलला. सावरीचा कापूस भरला, काथ्याचे केस काजळात माखून लावले, चिमटीत धरून नाकाला टाका घातला. नाक जरा जास्तच मोठं आलं, पण सत्यवानाला बघशील तेव्हा तू मला दोष देणार नाहीस. सदरा धुतला मात्र नाही. बाबूने बाहुली हातात घेतली, तोंडाला लावली, वास घेतला, आणि कुणी न सांगता बाबा म्हणाला.

तिथनं सगळं सुरू झालं. ज्याचं माणूस लांब, त्याला बाहुली. अ काढलास, बाबाला दाखव. कविता पाठ झाली, आत्याला म्हणून दाखव. कुणाचा बाप, कुणाचा काका, बांद्याला नर्स होऊन गेलेली एक आत्या. पडवीत खाली पोरं आणि वर दोरीवर त्यांची माणसं. अक्का यायची आणि म्हणायची, बाहुल्यांका बघून पोरां काय कलेक्टर होतली? मी म्हणायची, नाय होयनात, बापाक तरी वळाखतली. आणि एक नियम केला. माणूस घरी आलं की त्याची बाहुली उसवायची. एका माणसाला घरात दोन जागा कशाला? पोराने त्याच माणसाच्या मांडीवर बसायचं आणि आपल्या हाताने टाके काढायचे, पहिला गळ्याकडचा. कापूस पिशवीत भरून ठेवायचा, पुढच्या वेळेला. पुढच्या चवथीला सत्यवान आला तेव्हा बाबू कातरी घेऊन उंबऱ्यावरच उभा होता. भाऊजींनाही विचार, शेवंती त्यांना चहासुद्धा पिऊ देत नाही, आधी मांडी घाला म्हणते.

दोन बाहुल्या मात्र आम्ही उसवत नाही. एक आमच्या ह्यांची. हे एस.टी.त कंडक्टर होते, कुडाळ डेपोला. असताना ह्यांनी घरात कधी कुणाला काही शिकवलं नाही, गेल्यावर मी त्यांना कामाला लावलं. खाकी शर्टाची बाहुली, गळ्यात चामड्याची चिमुकली पिशवी. वाडीतल्या पोरांची बेरीज-वजाबाकी सगळी त्यांच्याकडे. दोन फुल एक हाफ, सुटे द्या, कुडाळ कोण उतरतलो, आता गाडीत किती उरले? पोरं विचारायची, काकी, कंडक्टरकाका कदी उसवूचे? मी सांगायची, त्यांची ड्युटी लांबची आहे. त्या शर्टाला अजून डिझेलचा आणि तंबाखूचा वास येतो. निदान मला तरी येतो.

दुसरी यशोदेची, शेवंतीच्या आईची. तिच्याबद्दल तुला कुणी फारसं सांगितलं नसेल, नव्या नवरीला ते कोण सांगतंय. म्हणून मी सांगते. मोठ्या आवाजाची बाई होती. व्हाळाच्या या काठावरनं त्या काठाला हाक द्यायची आणि माणूस दचकायचं. कावीळ झाली आणि गेली, तेव्हा शेवंती रांगत होती. तिच्या हिरव्या लुगड्याची बाहुली मी केली. एकदा शेवंतीने विचारलं, हिची पण ड्युटी लांबची? मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी बघते तर दोरीवरनं दोन्ही बाहुल्या गायब. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तिने दोघांना शेजारी निजवलं होतं. म्हणाली, ह्येंका एकमेकांची सोबत होतली. मी त्या दिवशी शाळा लवकर सोडली.

आता पडवीत गर्दी नाही. बाबूसारखी मोठी झाली ती शाळेत गेली. लहानांसाठी देवळाकडे अंगणवाडी निघालीय. तिथे रंगीत तक्ते आहेत, दुपारी खाऊ मिळतो. माझ्याकडे नुसत्या टपल्या मिळायच्या, मग पोरं तिकडे जाणारच. ती ताई चांगली आहे, मला बघितलं की उठून उभी राहते, त्यामुळे मला आणखीच म्हातारी झाल्यासारखं वाटतं. दोरीवर चिमटे राहिलेत आणि खाली एक शेवंती. एकटीसाठी मी हजेरी घेते. शेवंती? हजर. बाकीची? बाकीची मुंबयक गेली, असं ती सांगते. आता तीच जायची.

तिला तुझी सवय व्हावी म्हणून मी महिनाभर खटपट केली, ती ऐक. फोटो बघून तुझी बाहुली करायला घेतली. बांद्याच्या बाजारातनं गुलाबी कापड आणलं, फोटोतल्या तुझ्या साडीसारखं. केस लांब केले, मोगऱ्याच्या जागी पांढरा दोरा गुंडाळला. अशी देखणी बाहुली मी जन्मात केली नव्हती. भाऊजींच्या नशिबाचा हेवा वाटला मला. शेवंतीने ती घेतली, उलटी केली, नाक लावलं आणि परत दिली. ही दुकानातली आसा, म्हणाली, हिच्यात कोण नाय. आणि कंडक्टरच्या गाडीतनं तुला खाली उतरवलं. तिकीट नव्हतं म्हणे तुझ्याकडे. मी रागावले, समजावलं, चुरमुऱ्याचा लाडूही देऊन बघितला. तिचं बरोबर होतं. चूक माझी, मीच तर तिला असं शिकवलं.

तिच्या खोड्या आता तुला कळायलाच हव्यात. झोपताना शेजारच्या माणसाच्या कानाची पाळी धरते. दुखतं, पण सोडवून घेऊ नको, झोप लागली की आपोआप सुटते. भाताला सोलकढी नसेल तर जेवण झालं असं मानत नाही. रडू आलं की रडत नाही, मोठमोठ्याने पाढे म्हणते. तेव्हा मधे चूक काढू नको. घाबरली की तुला विचारेल, तिकीट काढलंस? तू हो म्हण, आणि हातावर काहीतरी ठेव, चिंचोका, बटण, काहीही. एवढ्यावर ती कुठेही येते. मालवणीत बोलली तर शाळेत हसतील, मला माहीत आहे. घरात तरी कुणी हसू नका. हसायचंच असेल तर भाऊजींच्या घोरण्याला हसा.

मागच्या आठवड्यात तिने मला म्हटलं, काकी, तुझी बाहुली कर गो, माझ्या पेटीत घालूक. मी म्हटलं, माझी कशाला, मी खंय गेलंय? ती म्हणाली, तू नाय, मीच जातंय मां? मग मला कितीतरी कामं आठवली. विहिरीवर गेले. सत्यवानासारखं पाणी काढलं. पण बाहुली केली नाही आणि करणारही नाही. माझ्या लुगड्याचा वास पेटीत ठेवला, तर ती तुझ्या घरात माझ्याच कुशीला झोपेल. ते तिच्या बऱ्याचं नाही, आणि तुझ्याही. यशोदेशिवाय पेटीत आणखी एकीलाच जागा आहे, म्हणून तुला लिहायला बसले.

शुभदा, तुझी एक साडी पाठव. नवी नको, चांगली नको. सैंपाक करताना नेसतेस ती, फोडणीची, घामाची, तुझ्या साबणाची. कधी रडली असशील तिच्यात तरी हरकत नाही. धुऊ मात्र नको, धुतलीस तर सगळी मेहनत फुकट. सत्यवान पुढच्या शनिवारच्या गाडीने येतोय, त्याच्याकडे कागदात गुंडाळून दे. म्हणजे भाऊजी येईपर्यंत मला थोडे दिवस मिळतील. ती बाहुली शेवंतीजवळ निजेल, शेवंती तिला पाढे ऐकवेल, तिच्या कानाची पाळीही मी जरा मोठी करीन. मुंबईला तुझ्या दारात उतरली की शेवंती तुला सांगेल, मांडी घाल. तू हसू नको, भाजी करपली तरी उठू नको. तिच्या हातात कातरी दे आणि तिला उसवू दे. यशोदेची बाहुलीपण ती बरोबर आणेल. ती उसवायची नसते, तिला एक खुंटी दे, एवढंच. आणि मग आमचे कंडक्टर डब्यात एकटे पडतील. मी नाही म्हणत हो, तेच म्हणतायत, त्यांना गाडीत कुणीतरी लागतं. तर तुझ्या बाहुलीतनं निघालेला कापूस टाकू नको. दिवाळीपर्यंत शेवंतीला तिचा निळा फ्रॉक आखूड होईल, त्यात तो कापूस बांधून कुणाबरोबर तरी माझ्याकडे पाठव. फ्रॉकही तसाच, न धुता. त्याचं मी काय करीन ते तिला कळेलच. उसवायला तिला कधी आणायचं ते तू ठरव. व्हाळाला पाणी नसेल तेव्हा या, आणि कातरी आणू नका, इथे आहे.

तुझीच, न बघितलेली थोरली जाऊ,
नर्मदा